सोडत काढण्याआधी शब्द घ्या

वाचकाचं पत्र :

ताई, आम्ही पंधरा-वीस जण शहराच्या प्रश्नांवर काम करतो. निवेदनं देऊन झाली, हरकती-सूचना नोंदवून झाल्या, फलक घेऊन उभं राहून झालं. मुख्य रस्ता गाड्यांना बंद करावा की नाही, हे घोंगडं सहा वर्षं भिजत पडलंय. मध्यंतरी नागरिक सभांबद्दल वाचलं आणि वाटलं, हाच मार्ग! सोडतीने शंभरेक साधे नागरिक निवडायचे, त्यांना विषयाची सगळी माहिती द्यायची, त्यांनी आपसात चर्चा करून शिफारशी करायच्या. एकदा नीट आकडे समोर ठेवले की रस्ता बंदच करायला हवा हे लोकांना पटेल, याची मला खात्री आहे. पण आमचे नगरसेवक म्हणाले, ‘आम्हाला लोकांनी निवडून दिलंय. चिठ्ठीत नाव निघालेल्यांना कोणी निवडलं?’ आमच्याच गटातले एक निवृत्त अभियंता म्हणतात, साध्या माणसाला वाहतुकीतलं काय कळतं. आणि माझी मुलगी म्हणते, ‘आई, अजून एक समिती!’ या तिघांना काय सांगू? सभेचा प्रचार कसा करू? आणि शेवटचं म्हणजे, मी स्वतः त्या सभेत बसू शकते का?

– एक वाचक

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी एकाच वाक्यापाशी अडखळले. ‘रस्ता बंदच करायला हवा हे लोकांना पटेल, याची मला खात्री आहे.’ नगरसेवक, अभियंता आणि तुमची मुलगी या तिघांकडे मी येतेच, पण आधी या वाक्याचं बघू.

निकाल मनात धरून जी सभा बोलावतात तिला जाहीर सभा म्हणतात. ती भरवायला कोणाची हरकत नाही. रस्ता बंद व्हावा असं तुम्हाला वाटतं ना, मग उघडपणे तशी मोहीम चालवा, पत्रकं वाटा, सह्या गोळा करा. ते प्रामाणिक काम आहे. पण सोडतीने माणसं बोलवायची, त्यांना चार दिवस बसवायचं आणि त्यांनी आपल्याच तोंडचं वाक्य बोलावं अशी वाट बघत कोपऱ्यात उभं राहायचं, हे बरोबर नाही. आणि ते लपतही नाही. बोलावलेल्या माणसांना पहिल्या चहाच्या सुट्टीतच वास येतो.

२०१६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात असंच झालं. इतर देशांचा अणुकचरा आपल्याकडे साठवावा का, असा प्रश्न होता. चौकशी आयोगाचा अहवाल अनुकूल होता आणि राज्य सरकारही त्याच बाजूला झुकलेलं होतं. सरकारने साडेतीनशेच्या आसपास नागरिक सोडतीने बोलावले, त्यांच्यापुढे तज्ज्ञ उभे केले. शेवटी दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं, कुठल्याही परिस्थितीत नको. आर्थिक गणितावर त्यांचा विश्वास बसला नाही, सरकारवर बसला नाही, आणि ज्यांच्या जमिनीचा हा प्रश्न होता त्या आदिवासींची संमती नसताना पुढे जाणं त्यांना मान्य नव्हतं. पुढच्या वर्षी योजना गुंडाळली गेली. ज्यांनी सभा बोलावली त्यांच्या तोंडचं पाणी पळालं असणार. पण माझ्या मते ती सभा चोख झाली.

म्हणून आज रात्री स्वतःला एक प्रश्न विचारा. शंभरातल्या साठ जणांनी ‘रस्ता चालू ठेवा’ म्हटलं, तर तो निकाल तुमच्या पत्रकावर ठळक छापाल का? उत्तर ‘हो’ आलं तरच पुढचं वाचा. तुमच्या गटातल्या प्रत्येकालाही हेच विचारा. चार जण गळतील. गळू द्या.

आता नगरसेवक. त्यांचा प्रश्न तुम्हाला टोमणा वाटला, मला तो अगदी रास्त वाटतो. चिठ्ठीत नाव निघालेल्या माणसाला खरंच कोणी निवडून दिलेलं नसतं. त्याने चुकीचा निर्णय घेतला तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवण्याची सोय नाही. म्हणून तर नागरिक सभा निर्णय घेत नाही, शिफारस करते. हे तुम्ही त्यांना पहिल्याच भेटीत, त्यांनी विचारायच्या आत सांगायला हवं होतं. ‘राजकारणी बिघडलेत, म्हणून आता नागरिकच ठरवतील’ अशा सुरात सुरुवात केलीत का? पत्रातल्या एक-दोन शब्दांवरून मला तशी शंका आली. तो सूर सोडा. ज्याच्या सहीशिवाय पान हलणार नाही, त्याच्या दारात जाऊन त्यालाच निकामी ठरवायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

सोडतीतल्या माणसाकडे एक गोष्ट असते जी तुमच्या नगरसेवकांकडे नसते. त्याला पुढच्या वर्षी कोणाचं मत मागायचं नसतं, तिकीट टिकवायचं नसतं. ज्या प्रश्नाला हात लावला की एक बाजू कायमची दुखावते, तिथे याचा उपयोग होतो. नगरसेवकांना विचारा, असा कुठला प्रश्न आहे ज्यावर तुम्ही भाषणात दोन्ही बाजूंना बरं वाटेल असं बोलता आणि घरी आल्यावर सुस्कारा टाकता? तुमचा रस्ता बहुधा त्याच यादीत असेल. सहा वर्षं तो उगाच पडून नाही.

आयर्लंडचं उदाहरण त्यांना सांगा, पण पूर्ण सांगा. तिथे १९८३ साली राज्यघटनेत आठवी दुरुस्ती झाली आणि गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीने लिहिला गेला. त्यानंतर तीन दशकं कुठल्याही मोठ्या पक्षाला ते मूळ कलम काढून टाकायला हात लावायचा नव्हता. जो लावेल तो भाजेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. २०१६ साली संसदेने ९९ नागरिक सोडतीने निवडले आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लाफॉय यांना बसवलं. पाच शनिवार-रविवार त्यांनी डॉक्टर, वकील, नीतिशास्त्राचे अभ्यासक आणि दोन्ही बाजूंच्या संघटना यांना ऐकलं. त्यांच्या शिफारशी इतक्या मोकळ्या निघाल्या की राजकीय वर्तुळात बरेच जण चक्रावले. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या काळात कारण न विचारता गर्भपाताची मुभा असावी, असं ६४ टक्के सदस्यांचं मत पडलं. मग विषय संसदेच्या समितीकडे गेला, तिथून देशापुढे. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी कलम बदलायच्या बाजूने मत दिलं.

यात निर्णय कोणी घेतला ते नगरसेवकांना नीट दाखवा. सभेने शिफारस केली, प्रस्ताव संसदेने मांडला आणि शेवटचा शब्द मतदारांचा होता. निवडून आलेल्यांचं काहीही गेलं नाही, उलट ‘आम्ही लोकांना विचारून आलो’ असं म्हणायला त्यांना पायाखाली जमीन मिळाली. त्याआधी २०१२ ते २०१४ मध्ये जी घटना परिषद झाली, तिच्या शंभर जणांत तर ३३ राजकारणीच होते, ६६ नागरिक आणि एक अध्यक्ष. समलिंगी विवाहाची शिफारस त्या परिषदेची. २०१५ च्या सार्वमतात तिला ६२ टक्के मतं मिळाली. तुमच्या नगरसेवकांना बाहेर राहिल्यासारखं वाटत असेल तर त्यांच्यासाठीही चार खुर्च्या ठेवता येतात. ब्रसेल्सच्या प्रादेशिक संसदेत ४५ नागरिक आणि १५ आमदार एकत्र बसून विषय हाताळतात. मला हा प्रकार तितकासा आवडत नाही. बोलायची सवय असलेला माणूस टेबलावर आला की बाकीचे सात जण श्रोते होतात. पण आवड-निवड बाजूला ठेवून सांगते, काही ठिकाणी हाच एक दरवाजा उघडा असतो.

उत्साहाच्या भरात ‘सभेने सांगितलं की लोक मानतातच’ असं मात्र बोलून बसू नका. मार्च २०२४ मध्ये त्याच आयर्लंडात कुटुंब आणि घरातली शुश्रूषा या विषयांवरच्या दोन घटनादुरुस्त्या मतदारांनी दणदणीत फेटाळल्या. विषय नागरिक सभेतून आला होता, पण मतपत्रिकेवरची शब्दरचना सरकारने आपली केली होती आणि ती सभेच्या शिफारशीपेक्षा मिळमिळीत होती.

‘चिठ्ठ्या टाकून काय लोकशाही चालते?’ असं कोणी हसून म्हणालं, तर तुम्हीही हसा आणि सांगा की ती सुरू तशीच झाली होती. अथेन्समध्ये पाचशे जणांचं मंडळ दर वर्षी सोडतीने निवडलं जायचं. न्यायदानासाठी माणसं निवडायला खाचा पाडलेली एक दगडी शिळा असे. त्या खाचांत नागरिकांच्या नावाच्या काशाच्या पट्ट्या खोचायच्या आणि बाजूच्या नळीतून पांढऱ्या-काळ्या गोट्या सोडायच्या. पांढरी आली तर ती ओळ आत, काळी आली तर घरी. ॲरिस्टॉटलने तर लिहून ठेवलंय की पदं सोडतीने भरणं हे लोकशाहीचं लक्षण मानलं जातं आणि निवडणुकीने भरणं हे मोजक्यांच्या सत्तेचं. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या देवळात दहाव्या शतकातला चोळांच्या काळचा शिलालेख आहे. त्यात ताडपत्रावर नावं लिहून ती मडक्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हाताने काढायची, अशी पद्धत तपशिलाने दिली आहे. मागच्या वेळी समितीवर बसून ज्याने हिशोब दिला नाही, तो आणि त्याचे नातेवाईक बाद! हे कलम आजही कुठेही चिकटवावं असं आहे. अथेन्सच्या सोडतीत बायका आणि गुलाम नव्हते आणि उत्तरमेरूरच्या मडक्यात जमीन नसलेल्यांची नावं पडत नव्हती, हेही त्याच दमात सांगायचं. तेव्हाची सोडत उपयोगाची होती, पण तिच्या मडक्यात सगळे नव्हते. आज मडकं मोठं करायचंय.

अभियंत्यांशी माझं भांडण थोडं आहे, फार नाही. रस्ता बंद केला तर शेजारच्या गल्लीत तासाला किती गाड्या वाढतील, हे त्यांनीच सांगावं. तिथे माझं किंवा तुमचं मत शून्य किमतीचं. पण त्या वाढलेल्या गाड्या कोणाच्या खिडकीखालून गेलेल्या चालतील, म्हाताऱ्या माणसाला शंभर पावलं जास्त चालावी लागली तर ते मान्य आहे का, याचं उत्तर वाहतूकशास्त्रात नसतं. सभेत तज्ज्ञ लागतातच, साक्षीदार म्हणून. ते येतात, मांडतात, उलटतपासणीला तोंड देतात आणि बाहेर जातात. मग दार लावून घेऊन माणसं आपसात बोलतात.

आणि साध्या माणसाला अवघड विषय झेपतो का, याला पुरावा आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००४ साली निवडणूक पद्धत बदलावी का, यावर सभा झाली. प्रत्येक मतदारसंघातून सोडतीने एक बाई आणि एक पुरुष, शिवाय दोन आदिवासी सदस्य, असे १६० जण. मतांचं जागांत रूपांतर कसं होतं, हा विषय इतका रुक्ष आहे की राज्यशास्त्राचे विद्यार्थीही त्या तासाला जांभया देतात. या १६० जणांनी तो वर्षभर चघळला, जगातल्या पद्धती पाहिल्या, गावोगावी सुनावण्या घेतल्या आणि पसंतीक्रमाच्या एका पद्धतीची शिफारस १४६ विरुद्ध ७ मतांनी केली.

पुढे काय झालं ते तुमच्या प्रचाराच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. २००५ च्या सार्वमतात ५७.७ टक्के मतं बाजूने पडली, पण अट ६० टक्क्यांची होती. पडलं. २००९ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा पाठिंबा ३९ टक्क्यांवर आला. सभेत बसलेले १६० जण वर्षभर शिकले, बाहेरचे लाखो लोक होते तिथेच राहिले. तुम्ही विचारता प्रचार कसा करू. मी म्हणेन, ‘नागरिक सभा चांगली असते’ याचा प्रचार पुरे. सभेत काय चाललंय ते बाहेर पोचवायची तयारी आधी करा. तज्ज्ञांची मांडणी सगळ्यांना बघता आली पाहिजे. टेबलावरची चर्चा मात्र बंद दाराआड, नाहीतर माणूस मत बदलायला लाजतो. आणि सभा संपल्यावर आपलं मत कसं बदललं हे सांगायला तुम्ही उभ्या राहू नका, एखादा सदस्य राहू द्या. ‘मी गेलो तेव्हा वाटत होतं की हा सगळा वेळेचा अपव्यय आहे’ अशी सुरुवात करणारा माणूस तुमच्या दहा पत्रकांना भारी पडतो.

आता तुमची मुलगी. तिघांत तिचं म्हणणं सगळ्यात खरं, म्हणून शेवटी ठेवलं.

मी काही वर्षं एका ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर होते. सभासदांची खुली बैठक घ्यायचो. तिला चाळीस जण यायचे आणि तेच सात जण बोलायचे. तीन वर्षं एकच विषय, नवी कपाटं लाकडी घ्यायची की लोखंडी. एकदा मी हट्टाने सभासद नोंदवहीतून वीस नावांच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. स्टीलच्या डब्यात टाकून, डबा हलवून, अगदी रीतसर. फोन केले, तेरा जण आले. त्यात अकरा वर्षं वर्गणी भरणाऱ्या एक बाई होत्या, ज्यांना आमच्यापैकी कोणी कधी पाहिलंच नव्हतं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘ग्रंथालय सहाला बंद होतं. मी कामावरून साडेसहाला सुटते. पुस्तकं बदलायला मुलगा येतो. तो त्याला आवडतात तीच आणतो.’

खोली शांत झाली. लाकडी-लोखंडी करणाऱ्या सात जणांपैकी एकालाही तीन वर्षांत हे सुचलं नव्हतं, मलाही नाही. तेराही जणांनी एकमताने लिहून दिलं, आठवड्यातून दोन दिवस आठपर्यंत उघडं ठेवा. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ओळ आली : ‘सभासदांच्या सूचनेची नोंद घेण्यात आली.’ आणि लोखंडी कपाटं आली. त्या बाईंनी पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही. चूक कार्यकारिणीची होतीच, पण आधी माझी. चिठ्ठ्या काढण्याच्या आनंदात, तेरा जण जे सांगतील त्याचं तुम्ही काय करणार, हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. माणसाला न बोलावणं परवडतं. बोलावून, ऐकून घेऊन ‘नोंद घेतली’ म्हटलं की तो पुढच्या वेळी दारही उघडत नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच फ्रान्समध्ये झालं. २०१९ च्या ऑक्टोबरपासून १५० नागरिक हवामानाच्या प्रश्नावर बसले आणि जून २०२० मध्ये त्यांनी १४९ प्रस्ताव दिले. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी शब्द दिला होता की प्रस्ताव गाळणी न लावता पुढे पाठवीन. मग तीन प्रस्ताव त्यांनी बाजूला काढले आणि बाकीच्यांतल्या बऱ्याच प्रस्तावांचे कोपरे घासले गेले. सदस्यांनी म्हटलं होतं, जिथे रेल्वेने चार तासांच्या आत पोचता येतं तिथली देशांतर्गत विमानं बंद करा. कायद्यात ते अडीच तास झालं. सरकारने आमच्या प्रस्तावांचा कितपत मान राखला, याला सदस्यांनी २०२१ च्या फेब्रुवारीत दहापैकी सरासरी ३.३ गुण दिले. तरी मी त्या सभेला वाया गेलेली म्हणणार नाही, अडीच तासांचं बंधनही सभेशिवाय आलं नसतं. पण ‘गाळणी न लावता’ हा शब्द भाषणातला होता. ठरावातला नव्हता.

पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात २०१६ साली पुरानंतर सभा बोलावली, तेव्हा महापौर पावेल आदामोविच यांनी आधीच अट मान्य केली होती की ज्या शिफारशीला ८० टक्के सदस्यांचा पाठिंबा असेल ती अमलात आणू. आकडा आधीच ठरलेला, नंतर पळवाट नाही. आणि बेल्जियममधल्या जर्मन भाषकांच्या प्रदेशात, म्हणजे ऐंशी हजारांहून कमी वस्तीच्या भागात, २०१९ साली संसदेने एकमताने नागरिक सभा कायमची करून टाकली. तिथे सोडतीतून आलेल्या २४ जणांचं एक मंडळ दीड वर्षासाठी बसतं आणि विषय तेच ठरवतं. ही बाब छोटी समजू नका, कारण विषय ठरवणारा अर्धा निकाल ठरवतो. मग त्या विषयावर २५ ते ५० जणांची वेगळी सभा भरते. तिच्या शिफारशींवर संसदेला जाहीर चर्चा करावीच लागते आणि नाकारायची असेल तर कारण द्यावं लागतं. पहिला विषय होता आजारी आणि वृद्धांच्या शुश्रूषेचा. कुठल्याही पुढाऱ्याला त्यात झेंडा लावण्यासारखं काही दिसलं नसतं.

तेव्हा मुलीला सांगा, तुझं बरोबर आहे. आणि नगरसेवकांकडे जाताना ‘सभा घ्या’ ही मागणी खाली ठेवून दुसरा कागद न्या. त्यावर इतकंच असू द्या : शिफारशी आल्यावर इतक्या दिवसांत सभागृहात चर्चा, प्रत्येक शिफारशीला हो किंवा नाही असं लेखी उत्तर, नाही असेल तर कारण, आणि वर्षभराने काय झालं त्याचा जाहीर हिशोब. सर्वसाधारण सभेत हा ठराव झाला तर सोडत काढा. नाही झाला तर काढू नका. सभा न होता वर्ष गेलं तरी चालेल. एकदा वाटाण्याच्या अक्षता मिळालेली सभा त्या शहरात नागरिक सभेचं नाव दहा वर्षांसाठी बदनाम करते.

बाकीचं थोडक्यात. प्रश्न ‘रस्ता बंद करावा का’ असा विचारू नका. त्याला दोनच उत्तरं असतात आणि दोन्ही बाजू पहिल्या दिवशीच खंदक खणतात. ‘या रस्त्यावरची जागा चालणारे, गाडीवाले, माल उतरवणारे आणि तिथे राहणारे यांच्यात कशी वाटावी’ असा विचारा. मग वेळा, दिवस, अपवाद अशा दहा गोष्टी बोलता येतात.

शंभर माणसांचा हट्टही सोडा. जर्मनीत पीटर डीनेल यांनी १९७० च्या दशकात जी पद्धत बसवली तिच्या एका गटात पंचवीसच्या आसपास माणसं असत. एका रस्त्याच्या प्रश्नाला तेवढी पुरतात.

सोडत दोन टप्प्यांत असते. ब्रिटनच्या २०२० च्या हवामान सभेसाठी आधी ३०,००० घरांना पत्रं गेली. जे ‘येतो’ म्हणाले त्यांच्यातून वय, लिंग, शिक्षण, वंश, राहण्याचं ठिकाण यांचा मेळ घालून दुसरी सोडत झाली आणि १०८ जण निवडले गेले. मेळ घालताना हवामानाची किती काळजी वाटते हेही पाहिलं होतं, म्हणजे काळजी नसलेलेही आत यावेत. तुमच्या सभेत रोज गाडी काढणारे त्यांच्या प्रमाणात आले पाहिजेत. त्यांच्याशिवाय झालेला ठराव दुसऱ्या दिवशी कोणी वाचणार नाही.

आणि लोकांच्या दिवसाचे पैसे द्या. फ्रान्समध्ये न्यायालयातल्या ज्यूरीच्या धर्तीवर भत्ता ठरवला होता. फुकटात फक्त निवृत्त आणि सुखवस्तू येतात. आयर्लंडच्या त्या गाजलेल्या सभेतही मानधन नव्हतं, फक्त खर्च मिळायचा. गळती होत गेली, जागा भरत राहाव्या लागल्या आणि २०१८ मध्ये उघड झालं की सदस्य गोळा करणाऱ्या कंपनीच्या एका माणसाने दारोदार न जाता ओळखीपाळखीतून फोनवर सात जण भरले होते. त्या सातांना काढावं लागलं. गर्भपाताचा विषय तोवर संपला होता म्हणून निभावलं. तुमच्या सोडतीचा डबा चौकात, चारचौघांसमोर हलवा. विरोधकाला बोलावून त्याच्या हाताने पहिली चिठ्ठी काढा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तुम्ही स्वतः सभेत बसू शकता का? नाही. सभा घडवून आणणाऱ्याचं, तिच्यासाठी भांडणाऱ्याचं नाव डब्यात टाकायचंच नसतं. तुमची बाजू मांडायला एक दुपार मिळेल, साक्षीदार म्हणून. समोर रस्ता चालू ठेवा म्हणणाऱ्यालाही तेवढीच मिनिटं मिळतील, घड्याळ लावून. त्यानंतर भिंतीपाशी निरीक्षकांच्या खुर्च्या असतात, तिथे बसा. निरीक्षकांनी बोलायचं नसतं. एखाद्या टेबलावर कोणीतरी साफ चुकीचा आकडा सांगेल आणि तुम्हाला उत्तर तोंडपाठ असेल. तेव्हा हातात पाण्याची बाटली असू द्या, घोट घ्यायला बरी पडते.